रातकिडे नाहीत

आमच्या घरमालकांच्या ओट्यावर एक फळा टांगलेला होता. कुठल्यातरी बंद पडलेल्या बालवाडीतून त्यांनी तो आणला होता, त्यामुळं त्याच्या वरच्या कोपऱ्यात तैलरंगानं काढलेलं एक बदक होतं आणि ते कशानंही पुसलं जात नव्हतं. बदकाच्या खाली, बरोबर मधोमध, खडूची उभी रेघ. रेघेच्या डावीकडं 'फायदे', उजवीकडं 'तोटे'. कशाचे, ते लिहिलेलं नव्हतं. लिहायची गरज नव्हती. आमच्या कॉलनीत राहण्याचे.

फायदे सहा होते. हवा शुद्ध. गर्दी नाही. रातकिडे नाहीत. दुकान लांब असल्याने आपोआप व्यायाम. बस येत नसल्याने धूर नाही. पाहुणे बेताचे. तोट्यांच्या खाली काहीही नव्हतं. तरी रोज सकाळी अंघोळ झाल्यावर ते ओल्या फडक्यानं दोन्ही बाजू पुसायचे, डावीकडचे सहा मुद्दे नव्यानं लिहायचे आणि उजवीकडची रिकामी जागा वाळेपर्यंत तिच्यासमोर उभे राहायचे. रात्रीतून एखादा तोटा उगवला तर नाही ना, हे बघत असावेत.

त्यांच्या घरातल्या मागच्या खोलीत मी कॉलेजची शेवटची दोन वर्षं भाड्यानं राहिले. त्यांच्याविषयी लिहायचं ठरवून बरेच दिवस झाले, पण जमत नव्हतं. ते चांगले होते असं लिहावं, तर ते मला समोर उभं करून म्हणतील, पुरावा दे.

सगळे त्यांना सुभेदार म्हणायचे. खरं तर ते नायब सुभेदार म्हणून निवृत्त झाले होते, पण सातारा जिल्ह्यातल्या त्यांच्या गावापासून सांगलीपर्यंत येता येता 'नायब' कुठंतरी गळून पडलं होतं आणि ते शोधायची त्यांना घाई नव्हती. अठ्ठावीस वर्षं तोफखान्यात, मग दहा वर्षं एका साखर कारखान्यावर सुरक्षा अधिकारी. त्यानंतर त्यांनी हा प्लॉट घेतला. विश्रामबागेच्या पुढं, जिथं रिक्षावाले "तिकडनं रिकामं यावं लागतंय" म्हणून मान फिरवतात, त्याच्याही पुढं. कॉलनीचं नाव निसर्गवैभव. त्यातला निसर्ग तयार होता. वैभवाचं काम चालू होतं, म्हणजे प्रत्येक प्लॉटच्या चार कोपऱ्यांवर चार दगड रोवलेले होते. घरं चार, त्यातल्या दोन घरांचे मालक पुण्यात, तिसऱ्याला अजून खिडक्या बसायच्या होत्या. सुभेदार या सगळ्याचे अध्यक्ष होते. निवडणूक बिनविरोध झाली होती.

खोली बघायला वडील बरोबर आले होते. कडेगावजवळच्या आमच्या गावातून सकाळी निघून दोन एस.टी. बदलून आम्ही आलो. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच, त्यामुळं खोली कशी बघतात हे मलाही माहीत नव्हतं आणि त्यांनाही. वडिलांनी आधी फळा वाचला. ते सावकाश वाचतात, सहा फायदे व्हायला बराच वेळ लागला. मग त्यांनी चारी दिशांना मान फिरवली. एका बाजूला ऊस, दुसऱ्या बाजूला ऊस, तिसऱ्या बाजूला पाण्याची रिकामी टाकी आणि चौथ्या बाजूला आम्ही आलो तो रस्ता, म्हणजे रस्त्यासाठी सोडलेली जागा.

"हितं काय बी न्हाई," ते म्हणाले.

मला वाटलं, चला, आता दुसरीकडं बघू.

"लय झ्याक हाय," ते म्हणाले.

पण एक अट घातली. मालक इथं राहतात, कडक आहेत, म्हणून खोली घ्यायची. "ज्या दिवशी मालक हितनं हलतील, त्या दिवशी तू बी हलायचं. घरनं जाऊन-येऊन शिकायचं." हे जाऊन-येऊन शिकणं मला ठाऊक होतं. आमच्या गावातली माझ्या आधीची मुलगी तसंच शिकायला लागली होती. सहा महिन्यांनी तिच्या लग्नात मी पंगतीला वाढत होते.

सुभेदारांच्या ओट्यावर फळ्याशिवाय आणखी एक गोष्ट होती. फरशीवर खडूनं काढलेला गोल. ते बसायचे त्या खुर्चीपासून बरोबर तीन पावलांवर. कुणालाही काही बोलायचं असेल तर त्या गोलात उभं राहायचं, हात खाली, तोंड त्यांच्याकडं, आणि एकेक शब्द सुटा बोलायचा. याला ते रिपोर्ट म्हणायचे. दूधवाला रिपोर्ट द्यायचा, मीटर वाचायला येणारा द्यायचा. मी खोलीतून "काका, पाणी गेलंय" म्हणून हाक मारली तर उत्तर यायचं नाही. पाठीमागून बोललेलं ते ऐकूनच घ्यायचे नाहीत. "म्हागनं बोलतो तो दुश्मन," असं त्यांचं मत होतं. गोलात उभं राहिलं की मात्र ते पुढं वाकून तुमच्या तोंडाकडं असं टक लावून बघायचे की साधं पाणी गेल्याचं सांगतानासुद्धा आपणच ते नेलंय असं वाटायला लागायचं.

अठ्ठावीस वर्षांची शिस्त, असं मी घरी फोनवर सांगायचे. वडील खूश व्हायचे.

या शिस्तीला न जुमानणारं एकच माणूस होतं, त्या म्हणजे काकू, त्यांची बायको. काकूंचं आयुष्य मिरजेत गेलेलं. नवरा पलटणीत आणि नंतर कारखान्यावर असताना त्या माहेरच्या गल्लीतच बहिणीच्या शेजारी राहायच्या. गल्लीत एका बाजूला सतारी लावायचं काम, दुसऱ्या बाजूला भाजीच्या हातगाड्या, तोंडाशी दवाखाना आणि मागं रेल्वे. इतक्या तयारीच्या आवाजातून उठवून त्यांना निसर्गवैभवमध्ये आणून बसवलं होतं. त्या स्वयंपाकघरातून बोलायला सुरुवात करायच्या, ओट्यावरून काहीच उत्तर आलं नाही की उलथनं घेऊन बाहेर यायच्या, गोलात उभ्या राहायच्या आणि तिथून पुढं भांडण चालू व्हायचं. साधारण दहाचा सुमार. विषय एकच, ही जागा. काकू म्हणायच्या, हितं माणूस मेलं तर कावळ्याला पत्ता विचारत यावं लागेल. सुभेदार म्हणायचे, कावळे शिस्तीत येत्यात, तुझ्या मिरजेगत गलका करत न्हाईत. मी पुस्तक उघडून बसायचे आणि दोघांचे मुद्दे ऐकायचे. मला वादविवादातलं जे काही येतं ते तिथलंच आहे.

दर गुरुवारी काकू मिरजेला बहिणीकडं जायच्या. कशाला, असं विचारलं तर म्हणायच्या, "ऐकून येते जरा." संध्याकाळी परत येताना त्यांच्या चेहऱ्यावर जत्रा करून आल्यासारखं तेज असायचं.

आता त्या शांततेविषयी. ती होती, यात शंका नाही. माझ्या परीक्षेत निम्मे मार्क तिचे आहेत. फक्त तिला हंगाम होते. ऊसतोड सुरू झाली की आमच्या रस्त्याच्या जागेवरून दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर जायचे आणि प्रत्येकावर माणसाच्या उंचीचे स्पीकर. एका सकाळी असंच काकू गोलात उभ्या होत्या, भांडण रंगात आलं होतं, आणि नेमका ट्रॅक्टर आला. काकू बोलत राहिल्या. सुभेदार तीनदा "काय?" म्हणाले, मग एकाएकी उठले, लाल पंचा घेतला, शिट्टी घेतली आणि रस्त्यात जाऊन उभे राहिले. मला तेव्हा वाटलं, बायकोला उत्तर सुचलं नाही म्हणून ट्रॅक्टरवर राग काढला.

ड्रायव्हर बिचारा समजूतदार होता. गाणं थांबवून खाली उतरला. "आवं आजोबा, गाणं बंद केलं की डुलकी लागती. डुलकी लागली की सगळा ऊस तुमच्या ओट्यावर."

सुभेदारांना हे पटलं. लष्करी माणसाला जागं राहण्याचं महत्त्व वेगळं सांगावं लागत नाही. त्यांनी तोडगा काढला : इथं गाणं बंद करायचं, बदल्यात घोटभर चहा मिळेल, झोप उडेल. दुसऱ्या दिवशी त्या ड्रायव्हरनं ही गोष्ट आणखी दोघांना सांगितली. आठवडा संपायच्या आत आमच्या दारात एका वेळी पाच ट्रॅक्टर, इंजिन चालू ठेवून, शांततेच्या रक्षणासाठी उभे राहायला लागले. काकू पातेलंभर चहा ठेवायच्या, कोण कुठला, पोरंबाळं किती, मुकादम कसा आहे, सगळं विचारायच्या. इथं राहायला आल्यापासूनच्या नऊ वर्षांत त्यांना इतकं खूश मी पाहिलं नव्हतं, म्हणजे मी तिथं दोनच वर्षं होते, पण नऊ वर्षांचं त्यांनीच सांगितलं. सुभेदारांनी आठव्या दिवशी चहा बंद केला. ट्रॅक्टर गेले. गाणी परत आली. फळ्यावर 'गर्दी नाही' हे पुन्हा खरं झालं.

दुसरी गोष्ट कुत्र्याची. कसल्यातरी बारशाला सुभेदार काकूंबरोबर मिरजेला गेले होते. तिथं जायचं म्हणजे त्यांना शिक्षाच असायची. तरी गेले की दिवसभर हसऱ्या चेहऱ्यानं बसायचे आणि कुणी काही म्हणालं की मान डोलवून "बरं, बरं" म्हणायचे. बहिणीकडची माणसं म्हणायची, भाऊजी किती शांत स्वभावाचे, आमची ताई उगाच गाऱ्हाणी सांगते. त्या बारशात साडूंनी त्यांना काहीतरी विचारलं आणि भाऊजी "बरं, बरं" म्हणाले. संध्याकाळी रिक्षात एक लहानसं पांढरं कुत्रं येऊन बसलं. साडूंना ते कुणालातरी द्यायचंच होतं, कारण त्या गल्लीतल्या लोकांनासुद्धा त्याचा आवाज सहन होत नव्हता. यावरून त्या आवाजाची कल्पना यावी.

"तुमीच हो म्हणालात," काकू गोलात उभ्या राहून म्हणाल्या. सुभेदारांनी क्षणभर कुत्र्याकडं पाहिलं आणि दिलेला शब्द पाळायचं ठरवलं. त्याचं नाव रॉकी ठेवलं. रॉकी पहाटेपासून सुरू व्हायचा. आवाज सुईसारखा, उसात घुसून परत यायचा. माझी सहामाही त्या सुरावर झाली. एकदा धीर करून मी रिपोर्ट दिला की अभ्यास होत नाही. सुभेदार रॉकीकडं कौतुकानं बघत म्हणाले, "ह्येच्यामुळं? आगं, आवाज किती बारीक हाय बिचाऱ्याचा." मी मागं फिरले. मोठ्या माणसांना उलट कसं बोलायचं हे तेव्हा मला येत नव्हतं. अजूनही फारसं येत नाही.

माझं शेवटचं वर्ष निम्मं झालं तेव्हा मिरजेत काकूंच्या बहिणीच्या शेजारच्या दोन खोल्या रिकाम्या झाल्या. काकूंनी जाहीर केलं की आपण तिकडं राहायला जायचं आणि हे घर विकायचं. भांडण चार दिवस चाललं. पाचव्या दिवशी सुभेदार म्हणाले, निकाल फळ्यावर लावू. काकू म्हणाल्या, फळा तुमचा, खडू तुमचा, बदक तुमचं, निकाल बी तुमचाच लागणार. तेव्हा तिसरा माणूस पाहिजे असं ठरलं. निसर्गवैभवमध्ये तिसरा माणूस म्हणजे मी.

"ही निबंधात पयली आलीया," सुभेदार म्हणाले. मी तिसरी आले होते. पण त्यांनी दिलेली बढती परत करण्याची ती वेळ नव्हती. त्यांनी मला हुकूम दिला : या जागेचे फायदे आणि तोटे, दोन्ही, नीट पाहणी करून लिहायचे. रविवारी सकाळी नऊ वाजता रिपोर्ट. जिकडं मुद्दे जास्त, तिकडं आपण. काकूंनीही मान्य केलं.

मी निबंधाची वही घेऊन बसले आणि पहिल्यांदाच मला कळलं की हा निबंध मला लिहवत नाही. तोटे जास्त भरले तर हे दोघं मिरजेला जाणार. ते हलले की मी हलणार. परीक्षेला पाच महिने होते. शाळेत आम्हाला शिकवलेलं की फायदे आणि तोटे लिहिताना लेखकानं स्वतः कुठल्याच बाजूला नसावं. आमच्या बाईंना बहुतेक कधी भाड्यानं खोली घ्यावी लागली नसेल.

मी दोन कागद केले. एक खरा. त्यात फायदे पाच, तोटे नऊ. चिखलात चप्पल राहते आणि पाय पुढं जातो, इथपासून औषध आणायला जाऊन-येऊन दोन तास लागतात इथपर्यंत. दुसरा माझ्या सोयीचा. त्यात फायदे अकरा होते, त्यातला एक मोर होता, जो मी एकदाच आणि लांबून पाहिला होता. तोटे तीन. आठवडाभर मी दुसरा कागद तालीम केल्यासारखा वाचला. रविवारी गोलात जाऊन उभी राहिले तेव्हा तोच वर होता.

सुभेदार नेहमीसारखे पुढं वाकले आणि माझ्या तोंडाकडं बघायला लागले. एकटक, ओठांकडं. बाजूला काकू पायरीवर बसलेल्या. मी "मोर" म्हणायला तोंड उघडलं आणि मला ते जमलं नाही. यात माझा चांगुलपणा काही नाही. तोंडाकडं इतकं लक्ष देऊन बघणाऱ्या माणसाशी खोटं बोलून बघा, म्हणजे कळेल. मी वरचा कागद खाली घातला आणि खरा वाचला.

चिखल त्यांनी मान्य केला. औषधांचं मान्य केलं. बंद घरांपुढून संध्याकाळी चालत येताना भीती वाटते, यावर ते "ह्ये आधी सांगायचं हुतंस" म्हणाले. मग मी म्हणाले, "काका, एक दुरुस्ती आहे. तुमच्या फळ्यावर 'रातकिडे नाहीत' हे फायद्यात आहे. ते काढावं लागेल. रातकिडे आहेत."

"न्हाईत," ते म्हणाले.

"आहेत, काका."

"कवापासनं?"

मी काकूंकडं पाहिलं. सुभेदारांनीही पाहिलं.

"पयल्या दिवसापासनं," काकू म्हणाल्या. "नऊ वर्सं. दिवस मावळला की कान फुटायची पाळी येती. मला वाटायचं, तुमी मुद्दाम लिवताय, मला चिडवायला."

सुभेदार खुर्चीत मागं टेकले. त्यांनी फळ्याकडं पाहिलं, मग उसाकडं, मग हळूच विचारलं, "किती असतील?"

"लय," मी म्हणाले.

ते मान हलवून उठले. ओलं फडकं घेतलं आणि तिसरा मुद्दा पुसला. मग बाकीचे मुद्दे न मोजताच म्हणाले, "ठीक है. मिरज."

तोफखान्यातला माणूस नऊ तोट्यांना डगमगला नसता, एका किड्यानं हरला. मला तेव्हा तेवढंच वाटलं. काकूंना मात्र काहीतरी वेगळं वाटलं असावं, कारण जिंकूनही त्या दिवसभर बोलल्या नाहीत.

पंधरा दिवस राहून बघायचं आणि मग घराला गिऱ्हाईक शोधायचं, असं ठरलं. दोन ट्रंका, गॅस आणि सुभेदारांची खुर्ची टेम्पोत गेली. घर, रॉकी आणि फळा माझ्या ताब्यात. वडिलांचा फोन आला. "मालक हायती न्हवं?" त्यांनी विचारलं. मी "आहेत" म्हणाले. मालक होतेच, मिरजेत. कुठं, हे वडिलांनी विचारलं नाही आणि मी शिकलेली असूनही सांगितलं नाही. त्या दिवसांत मी पुस्तक उघडलं की पहिल्या पानावर एस.टी.चं वेळापत्रक दिसायचं.

शांतता मात्र तेव्हा खरी कळली. दहा वाजले की घरात काहीच व्हायचं नाही. फळ्यावर सांगण्यासारखं सगळं होतं, गर्दी नाही, पाहुणे बेताचे, आणि मला अभ्यास सुचत नव्हता.

आठव्या दिवशी रॉकीनं खाणं सोडलं म्हणून मी मिरजेला रिपोर्ट द्यायला गेले. दुपारचे चार वाजले होते. गल्ली जोरात होती. कुणीतरी एकच तार पुन्हा पुन्हा छेडत होतं, खाली कांदेवाला ओरडत होता, आणि सुभेदार गॅलरीत आपल्या खुर्चीवर बसले होते. चेहरा हसरा. आजूबाजूला साडू, शेजारी, कुणाकुणाची मुलं, सगळे एकदम बोलत होते. ते प्रत्येकाकडं बघून मान डोलवत होते. तिथं खडूचा गोल नव्हता, पण मी सवयीनं तीन पावलांवर उभी राहिले.

"काका, रॉकी दोन दिवस जेवला नाही."

खालून दवाखान्याची गाडी सायरन वाजवत गेली. सुभेदारांनी माझ्या तोंडाकडं पाहिलं, नेहमीसारखंच, पण नजर ओठांवर ठरेना. ती माझ्या मागच्या माणसांकडं जायची आणि परत यायची. मग ते गोड हसले.

"बरं, बरं," ते म्हणाले. "उत्तम."

दीड वर्षात ते मला एकदाही 'बरं' म्हणाले नव्हते. मी मागं वळले. स्वयंपाकघराच्या दारात काकू उभ्या होत्या, हातात उलथनं तसंच, आणि त्या माझ्याकडं नाही, त्यांच्याकडं बघत होत्या. कुत्रं जेवत नाही यावर उत्तम म्हणणाऱ्या माणसाकडं.

मला काकूंनी जिन्यापर्यंत सोडलं. जिन्यात म्हणाल्या, "आठ दिवस झाले. मी काय बी बोलले की बरं म्हणतात. मी भाजीत मीठ न्हाई म्हणाले, बरं. घर विकायची जाहिरात देऊया म्हणाले, बरं. काल मी म्हणाले, तुमी लय वाईट माणूस हायसा. बरं." मग म्हणाल्या, "सुट्टीवर यायचे तवा बी हितं असेच बसायचे, आगं. मला वाटायचं, नवरा घुम्या हाय. तिकडं ऱ्हायला गेल्यावर भांडायला लागले, तर वाटलं, म्हातारपणी भांडखोर झाले."

जिना उतरता उतरता मी एकेक गोष्ट जोडत गेले. शिस्त, गोल, रिपोर्ट. पाठीमागून बोलणारे दुश्मन. अठ्ठावीस वर्षं तोफेच्या शेजारी उभ्या राहिलेल्या माणसाबद्दल मी घरी फोनवर केवढ्या अभिमानानं सांगत होते की आमचे मालक लय कडक आहेत.

दोन दिवसांनी टेम्पो निसर्गवैभवमध्ये परत आला. मधल्या काळात काकूंनी त्यांना कानाच्या डॉक्टरकडं नेलं होतं, मिरजेत त्यांची कमी नाही. यंत्र मिळालं होतं. सुभेदारांनी ते दोन तास घातलं आणि मग पदकांच्या डबीत ठेवलं. त्यातनं कांदेवाला थेट मेंदूत शिरतो, असं त्यांचं म्हणणं पडलं. काकूंनी बहिणीला काय सांगितलं माहीत नाही. मला सामान उतरवताना इतकंच म्हणाल्या, "हो म्हणणाऱ्या माणसाबरोबर किती दिवस काढायचे? भांडायला कुणी नको?" रॉकी तेव्हा पायात घोटाळत होता आणि सगळ्या कॉलनीला सांगत होता. सुभेदार म्हणाले, किती अशक्त झालाय, आवाजच फुटंना.

दिवस मावळला तसे ते ओट्यावर येऊन बसले. मला बोटानं गोलात बोलावलं.

"आता हायत?"

"आहेत, काका."

त्यांनी बराच वेळ उसाकडं कान केला. मग "असूदेत," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दात घासत मागून पुढं आले तेव्हा ते अंघोळ करून, ओलं फडकं घेऊन फळ्यासमोर उभे होते. त्यांच्या आधी कुणीतरी फळ्यावर हात चालवला होता. फायद्यांमध्ये तिसरी जागा रिकामी होती, तिथं मोठ्या, वाकड्या अक्षरात लिहिलेलं होतं : 'ह्यांना माझं ऐकू येतं.'

सुभेदारांनी ते वाचलं. मग रोजच्यासारखं फडकं फिरवून दोन्ही बाजू पुसून टाकल्या. मला वाईट वाटलं. पण त्यांनी खडू घेतला आणि सगळे मुद्दे ओळीनं लिहिले. तिसऱ्या जागी काकूंचं वाक्य, जसंच्या तसं, आपल्या चौकोनी अक्षरात. त्यानंतर ते दोन पावलं उजवीकडं सरकले. नऊ वर्षं कोऱ्या राहिलेल्या त्या जागेसमोर ती वाळेपर्यंत थांबले आणि तिथं त्यांनी पहिला तोटा लिहिला.

'हिचं सगळं ऐकू येतं.'

"तपास," ते मला म्हणाले. मी तोंडात ब्रश धरून, गोलात उभी राहून, बरोबर आहे म्हणून मान हलवली. तेवढ्यात आतून काकू काहीतरी म्हणाल्या. ते वळले नाहीत. काकू पुन्हा म्हणाल्या, मग भांडं आपटल्याचा आवाज आला, आणि उलथनं घेऊन त्या बाहेर आल्या. त्यांना जागा व्हावी म्हणून मी गोलातून बाजूला झाले. त्या दिवशी कॉलेजला मला उशीर झाला.